डावीकडे उघडणारी विंडो

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मेंदूचा झटका आला. हातापायांनी ते वाचले, पण नजरेचा उजवा अर्धा भाग गेला. दोन्ही डोळे धड, तरी उजवीकडचं जग गायब. ते किती गायब आहे हे मला डॉक्टरांपेक्षा ताटाने नीट समजावलं. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा वाढलं, तर त्यांनी डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबू सगळं संपवलं आणि विचारलं, "आज भाजी केलीच न्हाई का?" भाजी उजवीकडे वाटीत जशीच्या तशी. मी ताट अर्धं फिरवलं. "आता कुटनं आली?" म्हणाले. मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

ते राहुरीला एकटे. आयुष्यभर कालव्यावर पाटकरी होते, लोकांच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या. दुसऱ्याच्या छपराखाली राहणं त्यांना जमत नाही. मी नगरला, एमआयडीसीजवळच्या एका खोलीत एकटी. सॉफ्टवेअरचं काम करते. राहुरीत शेजारच्या काकू त्यांना डबा द्यायच्या, ताट कसं ठेवायचं तेही शिकल्या. राहिलं बोलणं. मोबाईलचा पडदा त्यांना बारीक वाटायचा, म्हणून मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. रोज संध्याकाळी सात वाजता त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आपोआप घंटी वाजणार, एक विंडो उघडणार आणि तिच्यात मी. ती पडद्याच्या डाव्या कडेलाच उघडेल, असं प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं. विंडोजवर ते बिनतक्रार चाललं. अण्णा सातच्या आधीच टोपी घालून खुर्चीत बसायचे.

मग कॉम्प्युटर रखडायला लागला. नवं विंडोज त्याला झेपणार नव्हतं, म्हणून एका रविवारी मी त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टिम घातली. इथे मी चुकले, आणि चूक माझ्या पेशातल्या बाईला न शोभणारी. विंडोजवर किंवा मॅकवर प्रोग्रॅम सांगू शकतो की मला अमुक जागी उघड. लिनक्सच्या नव्या पद्धतीत विंडो कुठे ठेवायची ते सिस्टिम स्वतः ठरवते. प्रोग्रॅमने मागितलेली जागा ती ऐकून घेते, नाहीही म्हणत नाही, आणि करते आपल्या मनाचं. डावीकडे मी मोठ्या आकड्यांचं घड्याळ उघडं ठेवलं होतं. सिस्टिमला मोकळी जागा उजवीकडे दिसली, विंडो तिकडे गेली. मला एसटी गाठायची होती. घंटी वाजली, विंडो उघडली, एवढं पाहून मी पिशवी उचलली. मला दोन्ही बाजू दिसत होत्या ना.

सोमवारी सातला विचारलं, "दिसतेय का मी?"

"न्हाई बाय. आवाज येतोय. तू कुठं हायस?"

"अण्णा, समोरच आहे! नीट बघा की जरा."

दिवसभर लोकांचा घोळ निस्तरून माझं डोकं तापलेलं असायचं, आणि ते हक्काचं माणूस. ते घाईने म्हणाले, "हां, दिसली, दिसली." पुढे रोज मी विचारायच्या आतच ते "दिसतीस की" म्हणायला लागले. फक्त बोलताना नजर भलतीकडेच असायची. मी त्यावरूनही त्यांना टोकायचे.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. काम होतं, हे अर्धंच खरं. त्याच दिवसांत केसांना कलप लावायचं सोडलं. कोणासाठी लावायचा? ऑफिसात सगळे कानात हेडफोन घालून बसतात, आणि खोलीत चार भिंती. अण्णा तरी काही बोलतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "झकास दिसतीस." मला वाईटच वाटलं.

तिसऱ्या रविवारी न सांगता गेले. दारात पोचले तेव्हा सात वाजत होते. दार त्यांच्या उजव्या हाताला, त्यामुळे मी त्यांना दिसले नाही. टोपी घालून बसले होते. घंटी वाजली, उजवीकडे विंडो उघडली. माझा लॅपटॉप नगरच्या खोलीत बंद, म्हणून तिच्यात नुसता काळा चौकोन. अण्णा घड्याळाकडे बघून हसले.

"दिसतीस गं, दिसतीस," म्हणाले. "झकास दिसतीस."

मी दारातूनच विचारलं, "अण्णा, खरंच दिसते मी?"

आवाज कॉम्प्युटरमधून येतोय असंच त्यांना वाटलं. आज तो नरम होता म्हणून असेल, ते खरं बोलले.

"न्हाई बाय. लई दिस झालं, नुसतं घड्याळच दिसतंय."

"मग सांगायचं नाही का?"

"दिसत न्हाई म्हनलं की तू चिडतीस. चिडलीस की लवकर ठिवतीस."

नंतर मी मॉनिटर टेबलाच्या डाव्या टोकाला सरकवला, आणि पुढच्या आठवड्यात विंडो पडदाभर उघडून मी तिच्या डाव्या अर्ध्यात दिसेन, असा प्रोग्रॅमही सुधारला. पण आधी त्यांच्या खुर्चीमागून वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले. ते दचकले. मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. हात माझ्या डोक्यावर आला.

"कलप लावायचा सोडलास व्हय?"

कोणीतरी हे विचारावं म्हणून मी तीन आठवडे थांबले होते.