भित्रा देक्सियास आणि मेलित्ता

अथेन्सच्या कुंभारवाड्यातला देक्सियास भित्रा आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. चाळिशी उलटली तरी भट्टी पेटवताना तो दोन पावलं मागे सरायचा. हा कुणाच्या प्रेमात पडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मेलित्ता विधवा, भाऊ स्ट्राटॉनकडे राहायची. तेलाचे बुधले पोचवायला देक्सियास जाई आणि उंबऱ्याशी बोलणं निघे. चौकात एका फिरत्या गुरूने सांगितलं होतं, की प्रेम चेहऱ्यापासून सुरू होतं, पण तिथेच अडलं तर फुकट. प्रेमाने माणसाच्या आत्म्यापर्यंत आणि पुढे, जे निखळ चांगलं आहे तिथवर चढायला हवं. त्यावरून दोघांचे वाद चालत. बोटाला बोट कधी लागलं नाही. तरी एके दिवशी स्ट्राटॉनने त्याला भिंतीशी गाठून सुरी दाखवली. घरातल्या बाईसोबत परका पुरुष सापडला तर त्याला जागीच मारायची मुभा कायद्यानेच होती. देक्सियासने तिकडे जाणं सोडलं.

त्या उन्हाळ्यात शहरात साथ आली. मेलित्ता तापाने फणफणली, अंगभर फोड उठले. मोलकरीण पळाली. स्ट्राटॉन रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला.

हे कळताच देक्सियास पाण्याची घागर घेऊन आला, पण उंबऱ्याशीच अडला. मरणाची भीती होती, सुरीची होती. पण सगळ्यांत मोठी भीती निराळीच होती: तो चेहरा गेला आणि त्याच्याबरोबर आपलं प्रेमही गेलं, तर?

"आत गेलास तर मेलास," स्ट्राटॉन लांबूनच म्हणाला.

"तुझ्या हातून की तापाने?"

देक्सियास आत शिरला.

मेलित्ताने भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझ्याकडे बघू नका."

त्याने पाणी तिच्या ओठांना लावलं आणि बघितलं. ओळखू येण्यासारखं फार थोडं उरलं होतं.

"बघितलंत ना?" तिने विचारलं. "आता?"

"भीती आहेच अजून," तो म्हणाला. "पण ती तुम्ही जाल याची."

नऊ दिवस तो तिथेच होता. मेलित्ता वाचली, पण तिचे डोळे गेले. स्ट्राटॉन घरी परतला तेव्हा देक्सियास घाईघाईने उठून निघू लागला. स्ट्राटॉनने नजर न मिळवता त्याच्यासमोर सातूची भाकरी ठेवली आणि बस म्हणाला.

त्यांनी लग्न केलं नाही. पुढे अकरा वर्षं ती दोघं अंगणात बसून वाद घालत राहिली. देक्सियास काही धीट झाला नाही. मेलित्ता नुसती खोकली तरी त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.