शटर खाली, नियमाप्रमाणे

तर मग काय, सोसायटीनं पंखेवाल्या अण्णांच्या गॅरेजमधला एक्झॉस्ट फॅन काढायला लावलाच! भिंतीवर बाहेरून काही दिसता कामा नये आणि शटरही दिवसभर बंद हवं, असा अध्यक्षांचा नियम. जन्मभर लोकांचे पंखे दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या गॅरेजात भट्टीत बसल्यासारखा घाम पुसू लागला. पण अण्णा पक्के डूख धरणारे.

ऐन उन्हाळ्यात अध्यक्षांच्याच पंख्याची कॉइल जळाली. अण्णा तांब्याऐवजी हलकी तार भरतील, अशी त्यांना शंका. म्हणाले, "माझ्यासमोर भरा."

"या ना साहेब, बसा की," म्हणत अण्णांनी शटर पार जमिनीपर्यंत ओढलं आणि एकेक वेढा मोजत, अगदी सावकाश तार गुंडाळायला घेतली. तासाभरात अध्यक्षांचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला.

"अण्णा, पाया पडतो, शटर उघडा! तुमचा फॅन आजच लावा, माझी परवानगी आहे!"

अण्णांनी मानसुद्धा वर केली नाही. "तुमच्या एकट्याच्या परवानगीनं कसं चालेल, साहेब? समितीची बैठक बोलवा. इथंच, भर दुपारी, शटर लावून."