बिननंबरी शिंदी

आमच्या आजानं निजामाची तिजोरी एका कुऱ्हाडीनं रिकामी केली, असं मी चाळीस वर्षं सांगत आलोय. झरीच्या बाजारात तोडलेली शिंदीची झाडं दोनशे असत, परभणीला पोचेपर्यंत हजार. एका सोयऱ्याला तर सांगितलं, झाडं पडल्याच्या आवाजानं हैदराबादेत निजामाच्या हातातला चहा सांडला. मी असा रंगात आलो की आजा उठून बाहेर जायचा. मला वाटे, थोर माणसाला कौतुक सोसत नाही.

त्या काळी झाडाची शिंदी काढून विकायचा ठेका सरकार एकालाच देई. ठेक्याच्या झाडावर नंबर, अन् नंबरामागं कर. तो बुडवायला निजामाविरुद्धच्या चळवळीतले गडी झाडंच आडवी करत. आजा तेव्हा सोळाचा.

यंदा सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत त्याचा सत्कार होता. मी माइकवर हजाराला हात घालणार, तोच म्हातारा खुर्चीतून उठला.

"बस खाली. लय फेकलंस. म्या एकच झाड तोडलं, त्येबी चुकून. घाईत नंबर पाहिलाच न्हाई. वढ्याकाठची ती शिंदी ठेक्याची नव्हती, फडे बांधणाऱ्या बाईची व्हती. निजामाचं काईच गेलं न्हाई, तिचं पोट गेलं. सांगायची हिंमत झाली न्हाई."

त्या बाईची नात पुढंच बसली होती. गावातले फडे, म्हणजे शिंदीच्या पाल्याच्या केरसुण्या, आजही तीच बांधते. आजा तिच्याकडं बघत हात जोडून उभा.

ती उठून जवळ आली. "आजा, बसा आधी. आमच्या आजीला तवाच ठाऊक व्हतं."

"कसं?"

"कुणी झाड तोडून पाल्याचा भारा दारात आणून टाकतं व्हय? टाकताना तिनं पाहिलं व्हतं तुमाला. लय दिवस पुरला तिला. पोलिस आले तं म्हनली, वावटळीनं पडलं."

"कुऱ्हाडीचे घाव दिसत व्हते की!"

"त्येबी इचारलं त्याईनं. म्हनली, आमच्याकडची वावटळ लय धारदार असती."

अशी थाप मला सात जन्मांत सुचली नसती. मी गुपचूप माइक बंद केला.

आजा हसला, मग रडला. जेवणाची पंगत बसली तरी दोघं तिथंच. तो तिच्या आजीचं एकेक विचारत होता, ती सांगत होती, अन् तिचा हात काही त्यानं सोडला नाही.