कागदावरची हेल्पर

दीक्षा ओव्हाळनं शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात आठ वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलं, आणि आठही वर्षं तिच्या पगाराच्या स्लिपवर ‘हेल्पर’ असंच छापून येत राहिलं. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. मोटार जळाली, पॅनल ट्रिप झालं, चालता पट्टा मध्येच थांबला, की सगळ्या कारखान्यातून एकच हाक उठायची. आपल्याकडचे म्हणायचे, “दीक्षा मॅडमला बोलवा.” बिहारकडची पोरं म्हणायची, “दीदी को बुलाओ.” हेल्पर म्हणून तिला कुणी कधी हाक मारली नाही. मग स्लिपवर काय आहे ते कोण बघतो?

ती दौंड तालुक्यातल्या वरवंडची. वडील शंकरराव गवंडी. त्यांचं आणि वायरमन लोकांचं जन्माचं वाकडं, कारण शंकररावांनी आरशासारखं प्लास्टर करायचं आणि मागून वायरमननं येऊन पाइपासाठी ते फोडायचं. पोरीनं दौंडच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतल्याचं कळलं तेव्हा ते थापी हातात तशीच धरून म्हणाले, “म्हंजी आता माझं प्लास्टर माझीच पोरगी फोडणार व्हय?” आणि संध्याकाळी पेढे घेऊन घरी आले.

कारखान्यात ती ठेकेदारामार्फत लागली. मेंटेनन्सचे फोरमन मारुतराव दोरगे हे भांडगावचे, घरचा ऊस असूनही नोकरीत रमलेले. त्यांनी पहिले सहा महिने तिला पॅनलला हात लावू दिला नाही. पाने दे, शिडी धर, आणि अक्षर चांगलं आहे म्हणून ब्रेकडाउनचं रजिस्टर लिही. कोणतं मशीन बंद पडलं, काय बिघडलं, काय केलं, एवढंच लिहायचं असे. एकदा तिनं पुढं आणखी एक ओळ लिहिली, की मोटार जळते ती मोटारीच्या दोषानं नव्हे, वरच्या पाइपातून थेंब थेंब पाणी टर्मिनल बॉक्सात जातंय म्हणून.

मारुतरावांनी ती ओळ वाचली आणि चष्मा काढला. “हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणी न्हाई. वर चढून बघितलं.”

“कुणाला विचारून चढलीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणला असता, मामा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पॅनल रूमची किल्ली तिच्या हातात दिली. तिथून पुढं रजिस्टरही तिचं आणि पॅनलही तिचं.

परदेशाचं खूळ डोक्यात शिरलं ते पगारामुळं. सहा वर्षांनी एकोणीस हजार हातात पडत होते, आणि वरचा रस्ता बंद होता. शिरूरच्या एका एजंटाकडं ती गेली. आखातातली नोकरी, लायसन वगैरे काही लागत नाही, महिन्यात विमानात बसाल, असं तो म्हणाला. दीक्षानं करार मागितला आणि बोट ठेवून वाचत गेली. पोस्टच्या रकान्यात लिहिलं होतं ‘हेल्पर’. तिला हसूच आलं. “हेल्पर मी शिक्रापुरात हायेच की,” असं म्हणून ती उठली.

मग तिला जर्मनीचं कळलं. तिकडं इलेक्ट्रिशियनची वानवा आहे, पण तिकडचा नियम कडक. तुमचं शिक्षण आणि तुमचा अनुभव त्यांच्या शिक्षणाच्या तोडीचा आहे, असा कागद तिथल्या कार्यालयाकडून मिळाल्याशिवाय पुरा कारागीर म्हणून तुम्हाला धरत नाहीत. महाराष्ट्राचा वायरमन परवाना होता तिच्याकडं, पण तो इथल्यापुरता. आणि भाषा यायला हवी.

दीड वर्ष दर रविवारी ती पुण्याला क्लासला गेली. इतर दिवशी शिक्रापूरच्या खोलीत, खाली ट्रकांचे हॉर्न आणि वर हिचे उच्चार. तोंडाचा चंबू करून ती ‘ऊ’ आणि ‘ई’च्या मधला कसलासा स्वर घोटायची, तेव्हा शेजारची म्हातारी अनसाबाई दारात येऊन विचारायची, “दात दुखतोय का गं?”

घरी गेली की वडिलांना शिकवायची. “आप्पा, तिकडं मोटार पुल्लिंगी हाय. तो मोटार.”

“तो मोटार?” शंकरराव हतबुद्ध. “आन् दिवा?”

“ती दिवा.”

“समदंच उलटं जोडलंय की तिकडं,” शंकरराव म्हणाले. “तुला काम लई मिळंल.”

एका लहानशा गावातल्या चाळीस माणसांच्या फर्मनं तिची व्हिडिओवर मुलाखत घेतली. मालक ब्रेंडले नावाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? दीक्षानं वहीत लिहून ठेवलेलं जर्मन वाक्य वाचलं: मान्यतेचा कागद येईपर्यंत पगार किती, कागद आल्यावर किती, आणि हे दोन्ही आकडे करारात लिहून मिळतील का? ब्रेंडले मोठ्यांदा हसले. पहिल्या मुलाखतीत हे कुणी विचारत नाही, म्हणाले. आठवड्यात करार आला. कागदाआधी महिना दोन हजार सातशे युरो, कागदानंतर साडेतीन हजार. कर आणि खोलीचं भाडं जाऊन काय उरणार तेही तिनं क्लासच्या बाईंकडून समजून घेतलं आणि मगच सही केली.

आता अनुभवाचा दाखला तेवढा राहिला होता. आणि गाडी तिथंच अडली.

ठेकेदार म्हणाला, “स्लिपवर हाय तेच लिवणार. हेल्पर.” कारखान्याच्या एचआरमधल्या प्रगती मॅडम चांगल्या होत्या, पण त्यांचेही हात बांधलेले. “तुम्ही आमच्या पेरोलवर नाही दीक्षा. मी काय म्हणून लिहून देऊ?”

आठ वर्षं केलेलं काम हवेत विरून गेल्यासारखं झालं. दीक्षा रडणाऱ्यांतली नव्हती, पण त्या दिवशी जेवली नाही. रविवारी क्लास बुडवून ती भांडगावला गेली. मारुतरावांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं.

“पोरी,” ते म्हणाले, “तुझं नाव हेल्परात मीच घातलं व्हतं. पहिल्या दिवशी. पोरगी हाय, टिकायची न्हाई, असं वाटलं. मागनं तू माझ्याबी पुढं गेलीस. पण ते नाव बदलायचं माझ्या डोक्यातच आलं न्हाई. काम चाललं व्हतं, मला वाटलं समदं ठीक हाय.”

“मामा, माझ्याबी डोक्यात आलं न्हाई.”

“तू ल्हान व्हतीस. मी फोरमन व्हतो.” ते उठले. “उद्या सकाळी गेटवर ये.”

सोमवारी मारुतराव इस्त्रीचा शर्ट घालून, मोटरसायकलवर भीमेचा पूल ओलांडून शिक्रापूरला हजर. प्रगती मॅडमच्या टेबलापुढं बसले आणि म्हणाले, “मॅडम, माझ्या तोंडावर इस्वास ठेवू नका. स्टोअर उघडा.”

स्टोअरच्या वरच्या फळीवर एकतीस रजिस्टरं निघाली. धूळ झटकून तिघं कँटीनच्या लांब टेबलावर बसले. प्रत्येक पानावर दीक्षाचं अक्षर, शेजारी तिची सही, खाली मारुतरावांची, शेवटच्या दोन वर्षांत नव्या फोरमनची. प्रगती मॅडम आधी नुसती तारीख बघून पानं उलटत होत्या, पण तासाभरानं त्या वाचायलाच लागल्या. “हा कॉम्प्रेसर तुम्ही उघडला होता? एकट्यांनी? ऑडिटच्या आदल्या दिवशी?” मग थोड्या वेळानं, “अहो, त्या आठवड्यात आम्ही बाहेरचा इंजिनिअर बोलावणार होतो.” चहा तीनदा आला. सहाशेचाळीस नोंदी निघाल्या, आणि एकीतही ‘शिडी धरली’ असं लिहिलेलं नव्हतं.

प्रगती मॅडम रजिस्टरं घेऊन वरच्या साहेबांकडं गेल्या. त्या काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही, पण चौथ्या दिवशी कंपनीच्या लेटरहेडवर दाखला तयार होता: सदर व्यक्तीनं ठेकेदारामार्फत आमच्या आवारात आठ वर्षं विद्युत देखभाल व दुरुस्तीचं काम स्वतंत्रपणे केलेलं आहे, सोबत नोंदींच्या प्रती. मारुतरावांनी तो गेटबाहेर उभं राहून मोठ्यानं वाचला. ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द त्यांनी दोनदा वाचला.

चार महिन्यांनी जर्मनीहून उत्तर आलं. बहुतेक सगळं तोडीचं धरलं होतं. त्यांच्या पद्धतीची मोजमाप-तपासणी आणि नव्या प्रकारची कंट्रोल यंत्रणा, या दोन गोष्टी कमी होत्या. त्या फर्ममध्ये नऊ महिने काम करत शिकायच्या, मग पुरी मान्यता.

“अर्धीच पास केली व्हय गं?” आई अंजना काळजीनं म्हणाली.

“अर्धी कुठं, बारा आणे पास केलं,” दीक्षा म्हणाली. “चार आणे तिकडं जाऊन मिळवते.”

विमानतळावर सोडायला दोन गाड्या भरून माणसं गेली. अंजनानं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तपासणीवाल्यांनी उघडून बघितला, वास घेतला आणि झाकण लावून परत दिला.

तिकडचे पहिले दिवस मजेचेच गेले. पहिल्याच आठवड्यात तिनं सवयीनं खिशातून टेस्टर काढून बोर्डाला लावला, तर ब्रेंडलेंनी हळूच तो तिच्या हातातून काढून घेतला. आमच्याकडं याला ‘खोटं बोलणारा पेन’ म्हणतात, ते म्हणाले; दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं हा सांगतो आणि माणूस मरतो. त्यांनी तिला दोन टोकांचं मोजायचं यंत्र दिलं आणि पाच नियम पाठ करायला लावले: आधी बंद कर, कुणी परत चालू करणार नाही असं कुलूप लाव, वीज खरंच नाही ते मोज, अर्थिंग करून टाक, शेजारचं चालू असेल ते झाक. दीक्षानं ते भाकरी थापताना पाठ केले. भाकरीसाठी पीठ पुण्याच्या एका कुटुंबाकडून मिळालं होतं. तवा मात्र सपाट मिळाला, त्यामुळं भाकऱ्या जरा रुसलेल्याच व्हायच्या.

निळी वायर तिला फार दिवस छळत राहिली. आपल्याकडं निळी म्हणजे तिसरा फेज, जिवंत वायर; तिकडं निळी म्हणजे न्यूट्रल, वीज परत नेणारी. डोक्याला कळायचं, हात ऐकायचा नाही. मग तिनं खोलीतल्या सगळ्या निळ्या वस्तूंना ‘न्यूट्रल’ म्हणायला सुरुवात केली. न्यूट्रल बादली, न्यूट्रल मोजे. पंधरा दिवसांत हातही शिकला.

दहाव्या महिन्यात पुऱ्या मान्यतेचा कागद आला आणि करारातला दुसरा आकडा लागू झाला. जेवणाच्या सुट्टीत तिनं घरी व्हिडिओ लावला. शंकरराव बांधकामावरून नुकतेच आले होते, कानाला सिमेंट तसंच.

“आता कागदावर काय लिवलंय?” त्यांनी विचारलं.

“एलेक्ट्रोनिकरीन.”

“हे ‘रीन’ कशाला?”

“बाई असली की शेवटी ‘ईन’ लागतं, आप्पा. इकडं इलेक्ट्रिशियन बाईला येगळा शब्दच हाय.”

“ऐकलं का गं!” शंकररावांनी आत हाक मारली. “तिच्यासाठी शब्दच येगळा केलाय!”

“माझ्यासाठी न्हाई हो आप्पा, समद्या बायांसाठी,” दीक्षा हसत सुटली, पण तोवर ते शेजारी सांगायला निघूनही गेले होते.

डिसेंबरात ती महिनाभर सुट्टीवर आली. दुसऱ्याच दिवशी आईवडिलांना घेऊन भांडगावला. मारुतरावांच्या पत्नी झुंबरबाईंनी पुरणपोळीचा घाट घातला होता. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, “बाई, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येत्यात.”

दीक्षाचा घास हातात राहिला. “कवापासून, मामी?”

“वरीस झालं. ह्यांना सांगितलं, तर म्हणत्यात थंडीनं येत असत्याल.”

सगळ्यांनी मारुतरावांकडं बघितलं. मारुतरावांनी वाटीकडं बघितलं.

दीक्षा उठली, बॅगेतून मीटर काढलं आणि मेन बंद केली. मशीनमधली गळती वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर धरून मागं मागं गेली, तर ती न्हाणीच्या नळाच्या पाइपाला बांधलेली. पूर्वी तो पाइप लोखंडी होता. गेल्या वर्षी मारुतरावांनी तो बदलून प्लास्टिकचा घातला होता. अर्थिंग प्लास्टिकला बांधून फोरमन साहेब वर्षभर निवांत झोपत होते.

“मामा!”

“अगं, कारखान्यात माझं समदं वेळच्या वेळी व्हायचं,” मारुतराव खालच्या आवाजात म्हणाले. “घरी कोण तपासतं?”

“मी तपासते. कुदळ कुठं हाय?”

दुपार त्यातच गेली. परसदारी खड्डा मारुतरावांनी आणि शंकररावांनी मिळून खणला. शंकररावांना आयुष्यात पहिल्यांदा वायरीच्या कामासाठी काही फोडावं लागत होतं, आणि ते एकेक घाव मोजून, आनंदानं घालत होते. अंजना आणि झुंबरबाई घरातला कोळसा आणि खडेमीठ टोपलीनं आणत होत्या. दुकानातून आणलेली अर्थिंगची प्लेट खड्ड्यात उभी केली, पट्टी जोडली, कोळशा-मिठाचे थर घातले, पाणी सोडलं. शंकररावांनी वर विटांचा चौकोन बांधून गुळगुळीत गिलावा करून टाकला. दीक्षानं मीटर लावलं. काटा सरकत सरकत खाली आला आणि तीन ओहमच्या जरा अलीकडं थांबला; पाचाच्या आत म्हणजे अर्थिंग चांगलं.

“पास?” मारुतरावांनी विचारलं.

“पास.”

मेन चालू केली. झुंबरबाईंनी वॉशिंग मशीनला आधी एक बोट लावलं, मग पंजा. मग दोन्ही पंजे टेकून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या.