धूर वेगळा, धुरी वेगळी

काजू मोहोरतो तेव्हा गोव्यात पेडण्याकडे फिरकायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं. माझी मुक्ता दुसरीत आहे. मोहोराच्या दिवसांत ती शिंकून बेजार होते, त्यात धूर लागला की दम लागतो. पण माझ्या नवऱ्याला, संदेशला, पेडण्याजवळच्या पार्से गावात राहणाऱ्या त्याच्या मावशीची आठवण नेमकी तेव्हाच येते. गेलो.

बेळगावहून चोर्ला घाट. रस्ता बरा आहे, वळणं मात्र जीव काढतात. काचा बंद ठेवा आणि इनहेलर डिकीत नव्हे, हाताशी ठेवा. डिचोलीत भाजी आणि गरम उंडे, म्हणजे गोल पाव, खाल्ले, स्वस्त आणि झकास. पुढे खाणीच्या ट्रकांची लाल धूळ, म्हणून मुक्ताला मास्क लावला. पार्शाला पोचलो तेव्हा पोरगी ठणठणीत होती.

मावशीला मी फोनवर बजावलं होतं, धूर नको. तिनं ऐकलं होतं. अंगणातला वाळक्या पानांचा पातेरा न जाळता कोपऱ्यात लोटला होता, चूलसुद्धा बंद. मला बरं वाटलं.

दुपारी मुक्ताला शिंका सुरू झाल्या. "थंडी जाल्या गो तिका," म्हणत मावशीनं खिडक्या लावल्या, करवंटीच्या निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि ते भांडं पोरीच्या नाकाखाली धरलं.

"मावशी, धूर नको म्हटलं होतं ना!"

"धूर खंय? ही धुरी गो! धूर वेगळो, धुरी वेगळी. आमची सगळी पोरां धुरयेर वाढली."

संदेश चक्क हसला. "एवढ्या मायेनं करतेय, कशाला मन मोडतेस तिचं?"

मन मोडू नये म्हणून पोरीचा श्वास कोंडायचा? मुक्ताच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. तिला उचलून बाहेर आणलं, इनहेलर दिला, आणि मीच गाडी काढून पेडण्याला डॉक्टरांकडे नेलं. मावशी रडत होती. संदेश तिची समजूत काढत घरीच थांबला. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

तुम्ही जाणार असाल तर "धूर नको" एवढ्यावर थांबू नका. धुरी, धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल, एकेकाचं नाव घेऊन सांगा. बाहेरून आल्यावर अंघोळ करा, उशा-चादरी झाडाखाली वाळत घालू नका.

मावशीवरचा राग घरी येईपर्यंत निवळला. तिला माहीत नव्हतं. संदेशला माहीत होतं.

काल जेवताना मुक्तानं विचारलं, "बाबा, मला श्वास येत नव्हता तेव्हा तू हसत का होतास?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढत राहिले.