चाळीस हजारांची दृष्ट

पहाटेपासून वारा पडलेला. बांतायान बेटावर असा वारा पडला की मासळी सुकत नाही, नुसती उबते. डेल्फिना उकिडवी बसून मासे पाठीतून चिरत होती, खाऱ्या पाण्यात बुचकळून बांबूच्या तट्ट्यांवर पसरत होती. चौदा वर्षं हेच काम. सुरी आपली आपण चालायची, नजर लेकीवर.

पाच वर्षांची मारिकार दारात एकटीच नाचत होती. गाणं कुठलंच वाजत नव्हतं. नाच संपला तशी पोरीनं मान कलती केली आणि समोरच्या रिकाम्या हवेकडे बघून हात हलवला.

"कुणाला गं टाटा करतेस?"

"त्यांना. आज लई जण आलेत."

डेल्फिनानं वळून बघितलं. दारात कुणीच नव्हतं.

नवरा मालवाहू बोटीवर. त्याला दिसावा म्हणून तिनं लेकीचा पहिला नाच फोनवर टिपला. शेजारणी म्हणाल्या, नेटवर सगळ्यांसाठीच टाक की! टाकला. कौतुकाचा पूर आला आणि बाई त्यात वाहवली. पोरगी पडून रडली तरी आधी फोन उचलायची, मग पोरीला. रडण्याला कौतुक जास्त मिळायचं.

आणि ही डेल्फिना कोण? तान्ही मारिकार कडेवर असताना बाजारात एक बाई "किती गोड गं!" म्हणाली आणि "पुर्या बुयाग" म्हणायला विसरली. हे दोन शब्द जोडले नाहीत तर कौतुकाची दृष्ट होते, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. डेल्फिनानं बाईचा हात सोडला नाही. "आधी थुंकी लाव, मग वाट धर!" बाईचा ओला अंगठा पोरीच्या पोटावर टेकवून घेतला, तेव्हा कुठं सोडलं. तीच ही.

हवेला टाटा केला त्याच दुपारी पोरगी तापानं फणफणली. दवाखान्यातल्या नर्सनं औषध दिलं, साधा ताप आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशीही उतरला नाही. तिसऱ्या दुपारी चटईवर पडल्या पडल्या मारिकार बोलू लागली, पण आवाज तिचा नव्हता. जाड, घोगरा, कुणा बाप्याचा. "गिरकी घे, बाहुले. आणखी एक गिरकी."

कुणीतरी नाचाखाली लिहिलेले हे शब्द डेल्फिनानं आदल्या रात्री फोनवर वाचले होते. मनातल्या मनात. पोरीला तर अजून अक्षर लागत नव्हतं.

तिनं सासूला हाक मारली. घरादाराची ती लोलाच, म्हणजे आजी. लोलानं नातीच्या पोटाला हात लावून बघितला.

"दृष्ट आहे. कोण गोड म्हणालं हिला? बोलाव त्याला. ज्याची दृष्ट, त्याचीच थुंकी."

डेल्फिनानं गुमान फोन पुढं केला. "चाळीस हजार आहेत, लोला."

"अगं बया! एवढ्या थुंकीत पोरगी बुडून मरेल की!" म्हातारी हसली, पण पुरतं नाही. "आणि काय गं, हे सगळे भिंतीतून आले? दार कुणी उघडलं?"

डेल्फिनानं बोट स्वतःकडे वळवलं.

"मग तुझाच अंगठा घे."

तोंडाला कोरड पडली होती. कशीबशी जमवून तिनं अंगठा ओला केला, लेकीच्या तापल्या पोटावर टेकवला. "पुर्या बुयाग, माझे बाई."

मारिकारनं डोळे उघडले. आईच्या खांद्यामागं काहीतरी शोधलं.

"आई, परत कर ना. तू फोन धरलाच नव्हतास."

लोलानं छातीवर क्रूस काढला.

डेल्फिना तिथंच फतकल मारून बसली आणि एकेक नाच पुसत सुटली. नाच, वाढदिवस, रडणं. शेवटी खातंच बंद केलं.

"आणि बापाला काय दाखवशील?" लोलानं विचारलं.

"घरी आला की बघेल."

पोरगी टक लावून होती. "ते गेले?"

"गेले."

"मग मला आता कोण बघतं?"

"मी बघते की."

"तू एकटीच?"

"एकटीच."

मारिकारनं आईकडे कितीतरी वेळ बघितलं, घरात आलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

उन्हं कलताना तिला घाम सुटला, ताप उतरला. "निजू दे," म्हणत लोला पंखा घेऊन उशाशी बसली. डेल्फिना उठली. तीन दिवसांत तट्ट्यांकडे कुणी फिरकलं नव्हतं. माशा घोंगावत होत्या. नासलेली मासळी ती एका बाजूला काढू लागली आणि बरी होती ती उलटू लागली.