बंद कुलर

पेपरात उन्हाळी सिनेमांच्या कमाईचे अंदाज वाचत होते, तेवढ्यात कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला आणि सासऱ्यांची सदर भागातली टॉकीज आठवली.

नवा सिनेमा ठेवायचा की उतरवायचा, हे ते पहिल्याच दुपारी ठरवत. त्या मे महिन्यात भर शोमध्ये त्यांनी कुलर बंद केले. नवी सून मी, घाबरलेच.

"मामाजी, लोक उठून जातील ना!"

"तेच तं पाहून राहिलो वं. दहा मिनिटं थांब."

माणसं घामाने निथळत होती, पण एकही खुर्ची वाजली नाही. तेव्हा मला तो छळ वाटला होता. आज वाटतं, इतका खरा अंदाज कोणत्या पेपरात येतो?

वीस मिनिटं झाली. मी वळून पाहिलं. शर्ट चिंब झालेले मामाजी पडद्याकडे बघत उभे होते, कुलर साफ विसरून.